पडद्याआडचं काम: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग संपवून पहिल्यांदा जनरल वॉर्डात उभं राहिलं की धास्ती वेगळ्याच गोष्टींची असते. इंजेक्शन चुकायला नको, शीर फुटायला नको, राउंडच्या आधी चार्ट भरून व्हायला हवेत. ती धास्ती रास्तच आहे. पण पेशंट घरी जाऊन काय सांगतो ते ऐका. कोणतं अँटिबायोटिक चाललं होतं ते त्याला आठवत नाही. चार लोकांसमोर अंगावरची चादर कुणी ओढली, ते मात्र वर्षभर आठवतं.

पेशंटचा मान राखणं हा स्वभावाचा प्रश्न आहे, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. ‘त्या सिस्टर फार प्रेमळ आहेत हो.’ मला हे पटत नाही. मान हा बराचसा कामाच्या क्रमाचा प्रश्न आहे. आधी सामान, मग सांगणं, मग पडदा आणि सगळ्यात शेवटी हात. हा क्रम अंगवळणी पडला, की नाइटच्या शेवटच्या तासाला दमून चिडलेली सिस्टरसुद्धा पेशंटला उघडं पाडत नाही. आणि क्रम चुकला, की गोड बोलणारीसुद्धा अर्ध्या स्पंजमध्ये (अंथरुणातच अंग पुसून देताना) टॉवेल आणायला निघून जाते आणि आजोबा तसेच कुडकुडत पडून राहतात.

हाक

पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या. कॉटजवळ गेल्यावर केसपेपरवरचं नाव वाचा, ते नाव घेऊन हाक मारा आणि मग स्वतःचं नाव सांगा. ‘नमस्कार, पाटील काका ना? मी सिस्टर अमुक, आज दुपारी दोनपर्यंत मी आहे.’ यात औषध योग्य माणसाला जातंय याची खातरीही आपोआप होते, त्यामुळे हा वेळ वाया गेला असं कुणी म्हणू शकत नाही.

‘सात नंबर’, ‘तो हर्निया’, ‘ती अपेंडिक्स’ ही आपापसातली भाषा कॉटपर्यंत न्यायची नाही. अनोळखी मोठ्या माणसाला ‘अहो’च म्हणायचं, मग तो फाटक्या बनियनमध्ये असो की दारूच्या वासाचा असो. सरकारी दवाखान्यात गरीब माणसाला ‘ए, उठ’ आणि खासगीत पैसेवाल्याला ‘सर’ हा फरक पेशंटला लगेच कळतो.

आजी, मावशी, काका, दादा हे आपले जिव्हाळ्याचे शब्द, पण सरसकट चालत नाहीत. केस पिकलेल्या पंचेचाळिशीच्या बाईला ‘आजी’ म्हटलेलं बोचतं. निवृत्त शिक्षकाला गावात सगळे ‘गुरुजी’ म्हणत असतील, तर वॉर्डातही तेच म्हणा. कळत नसेल तर सरळ विचारा: ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ वयस्कर माणसाशी ‘सोन्या, आ कर’ असं बोबडं बोलणं मात्र कटाक्षाने टाळा. त्यांना कमी ऐकू येत असेल, पण म्हणून ते लहान मूल झालेले नसतात.

तृतीयपंथी पेशंट आला, तर नाव आणि हाक त्यांनाच विचारायची, नातेवाइकांना नाही. कोणत्या वॉर्डात ठेवायचं यावर स्टाफमध्ये चर्चा होईल. ती ड्यूटीरूममध्ये होऊ द्या, कॉटच्या पायथ्याशी नको.

पडदा

नव्या खासगी रुग्णालयात छतावरून सरकणारे पडदे असतात. जिल्हा रुग्णालयात बहुतेकदा एखाद-दुसरी घडीची स्क्रीन असते, तिचं एक चाक निघालेलं असतं आणि ती नेमकी पलीकडच्या वॉर्डात गेलेली असते. ड्यूटी सुरू होताच ती कुठे आहे ते बघून ठेवा. नसेलच, तर दोन सलाईन स्टँडना चादर बांधून आडोसा होतो. तेही नसेल, तर मावशींना (वॉर्डातल्या मदतनीस बाईंना) चादर धरून उभं करा, पण तोंड बाहेरच्या बाजूला करून.

पडदा ओढल्यावर एकदा बाहेर येऊन फट राहिली आहे का ते बघा. पायाकडची बाजू हमखास उघडी राहते. शेजारच्या कॉटचे नातेवाईक, भिंतीला लागून असलेली खिडकी, जेवणाची गाडी घेऊन येणारा मामा, सगळ्यांचा विचार करा. ‘पाच मिनिटं बाहेर थांबता का’ एवढं म्हटलं की लोक जातात. पंखा बंद करायला विसरू नका, कारण ओल्या अंगावर पंखा फार लागतो.

आणि पडद्याने आवाज अडत नाही. ‘संडासला झाली का? पातळ होती का?’ हे प्रश्न वॉर्डाच्या दारातून ओरडून विचारायचे नसतात. जवळ जा, खाली वाका, मग विचारा.

स्पंज देताना

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्पंज देणं हे नव्या स्टाफला हलकं काम वाटतं आणि ते मावशींवर ढकललं जातं. माझ्या मते पेशंट ओळखायची याहून चांगली संधी नाही. पाठीवरची लाली, टाचेचा काळपटपणा, पोट फुगलंय का, हे सगळं याच वेळी दिसतं.

१. सामान आधी, सगळं. दोन बेसिन, कोमट पाणी, साबण, दोन-तीन नॅपकिन, मोठा टॉवेल, जादा चादर, धुतलेले कपडे, कंगवा, तेल, हातमोजे. पाण्याचा अंदाज मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यायचा. पेशंटच्या अंगावर पाणी टाकून ‘गरम आहे का?’ विचारायचं नाही.

२. सांगा आणि थांबा. ‘आता अंग पुसून घेऊ या का?’ म्हटल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचं. ‘आत्ता नको, मुलगी येईल तेव्हा’ असं आलं, तर शक्य असेल तिथे ऐका. आधी लघवीला जायचंय का तेही विचारून घ्या, नाहीतर मधेच अडचण होते.

३. वरची मोठी चादर अंगावर टाका आणि तिच्या खालून कपडे काढा. सलाईन एका हाताला असेल, तर आधी मोकळ्या हाताची बाही काढायची, मग सलाईनच्या हाताची. घालताना उलट, सलाईनचा हात आधी. लकव्याच्या पेशंटलाही हाच नियम: काढताना चांगली बाजू आधी, घालताना दुबळी बाजू आधी. हे जमलं नाही, की माणूस अर्धा कपड्यात आणि अर्धा उघडा असा अडकून बसतो.

४. डोळ्यांपासून सुरुवात. नाकाच्या बाजूने बाहेरच्या कोपऱ्याकडे, साबण न लावता, प्रत्येक डोळ्याला नॅपकिनचा वेगळा कोपरा. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ. जो भाग पुसताय तेवढाच उघडा, पुसून कोरडा झाला की लगेच झाकायचा. बाईची छाती पुसताना टॉवेल वर असू द्या आणि त्याखालून हात चालवा. स्तनांखालच्या घडीत ओल राहून त्वचा सोलवटते, म्हणून ती जागा नीट कोरडी करायची.

५. पाणी बदला. मग शेवटी जांघा आणि गुप्तांग. इथे सगळ्यात साधी आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ज्याचा हात चालतो त्याच्या हातात नॅपकिन द्यायचा. ‘एवढं तुम्ही करता का? मी इकडे तोंड करून उभी राहते, झालं की सांगा.’ ज्याला जमत नाही त्याचं आपण करायचं. बाईचं नेहमी पुढून मागे पुसायचं, पुरुषाची कातडी मागे घेतली असेल तर पुसून झाल्यावर पुन्हा पुढे आणायची. तोंडाने दुसरंच काहीतरी बोलत राहा, गावाकडे पाऊस किती झाला वगैरे. गप्प राहून झटापट उरकलं की त्या माणसाला आपण वस्तू असल्यासारखं वाटतं.

६. केस विंचरा. हे कुणी करत नाही. भेटीच्या वेळेआधी आजींची वेणी घातलेली असली, कवळी बसवलेली असली, चष्मा पुसून नाकावर असला, की त्या स्वतःहून उशीला टेकून बसतात. कवळी काढून ठेवायची असेल, तर नाव लिहिलेल्या झाकणाच्या डबीत, पाण्यात ठेवायची. कागदात गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते, हे कोणत्याही वॉर्डात विचारा.

अंगावरच्या वस्तूंबद्दल इथेच सांगते. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, जानवं, गंडा, ताईत यांना न विचारता हात लावायचा नाही. ऑपरेशनला जाताना धातू काढावाच लागतो. का काढायचा ते सांगा, बाईला स्वतःच्या हाताने काढू द्या आणि नातेवाइकाकडे देऊन रजिस्टरमध्ये सही घ्या. आणि कुंकू? कुणाला लावायचं, कुणाला नाही, हे आपण ठरवायचं नाही. त्या म्हणतील तसं.

बेडपॅन, लघवीचं भांडं, डायपर

मान सगळ्यात जास्त जातो तो इथे. भल्याभल्या, घरात दरारा असलेल्या माणसाला ‘सिस्टर, संडासला लागली’ हे वाक्य तोंडातून काढायला वेळ लागतो. ते निघालं की हातातलं काम शक्य तिथे थांबवायचं. ‘थांबा, औषधं वाटून येते’ म्हटलं की वीस मिनिटं जातात, आणि वीस मिनिटांत चादर भरते.

स्टीलचा बेडपॅन गार असतो, गरम पाण्याने विसळून पुसून घ्या. गुडघे दुमडायला सांगा, कंबरेखाली हात घालून उचला, पॅन सरकवा. कंबरेचं किंवा मांडीचं हाड मोडलं असेल तर कुशीवर वळवण्याआधी विचारून घ्या. मनाई नसेल तर डोक्याकडची बाजू वर करा, कारण आडवं पडून कुणालाच होत नाही. चादर टाका, बेल किंवा हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर जा आणि खरंच जा. समोर उभं राहून ‘झालं का, झालं का’ करायचं नाही. तोल जाणारा किंवा गोंधळलेला पेशंट असेल, तर पडद्याच्या बाहेर उभं राहायचं.

झाल्यावर स्वच्छ करा, हात धुवायला पाणी द्या. जेवणाआधी हात न धुतलेला माणूस घास तोंडात घालताना कसा अवघडतो ते एकदा बघा. पॅन झाकून न्यायचा. नाकाला पदर लावायचा नाही, मावशींशी डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत. वास सहन होत नसेल तर आधीच मास्क लावा, तो सगळीकडे चालतो. रंग, रक्त, आव काय दिसलं ते मनात ठेवा आणि लिहा.

एक वाक्य कायमचं सोडून द्या: ‘डायपर लावलाय ना, त्यातच करा.’ ज्या माणसाला कळतंय, जो सांगतोय, त्याला अंथरुणात करायला लावणं ही सोय फक्त आपली असते. आठवडाभर असं झालं, की तो सांगणंच बंद करतो, पाणी पिणं कमी करतो, आणि मग लघवीचा जंतुसंसर्ग, गोंधळ, माकडहाडाशी बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) हे सगळं मागून येतं. दर दोन तासांनी कूस बदलायला जाताच ना? तेव्हाच ‘लघवीला जायचंय का?’ विचारा. निम्मे डायपर वाचतात.

आणि ज्याला खरोखर कळत नाही, त्याचं झालं तर ‘परत केलं?’ म्हणायचं नाही. ‘चला, बदलून घेऊ’ पुरे.

पुरुष, बायका आणि संकोच

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवली. तिच्यात स्पष्ट आहे की पुरुष डॉक्टर बाईची शारीरिक तपासणी करत असताना तिथे दुसरी स्त्री हजर असावी. डॉक्टर घाईत असले तरी हे बघणं तुमचं काम. ब्रदर असाल, तर बाईचं कॅथेटर (लघवीची नळी), एनिमा, ईसीजीसाठी छाती उघडणं याआधी विचारा आणि सिस्टरला किंवा मावशींना सोबत घ्या. बाई नको म्हणाली, तर ते मनाला लावून घेऊ नका.

उलट बाजूबद्दल कॉलेजात कुणी नीट बोलत नाही. तरुण मुलाचं कॅथेटर घालताना किंवा पार्ट प्रिपरेशन (ऑपरेशनआधी त्या जागेची तयारी) करताना लिंगाला ताठरता येऊ शकते. ती शरीराची प्रतिक्रिया असते, बहुतेक वेळा त्यात त्याचा काही हेतू नसतो, आणि तुमच्यापेक्षा तोच शरमेने जास्त मेला असतो. चादर टाका, ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून बाजूला व्हा, मग परत येऊन काम पुरं करा. हसायचं नाही, ड्यूटीरूममध्ये किस्सा करायचा नाही. मात्र कुणी मुद्दाम अचकट बोलत असेल, हात लावत असेल, तर ते सहन करणं तुमच्या ड्यूटीत बसत नाही. काम थांबवा, इन्चार्ज सिस्टरांना सांगा आणि लेखी द्या.

पार्ट प्रिपरेशनवरून आठवलं. पोटाचं ऑपरेशन म्हटलं की छातीपासून मांडीपर्यंत वस्तरा फिरवायची जुनी रीत अजून अनेक ठिकाणी चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केस काढूच नयेत, अगदी गरज असेल तरच क्लिपरने काढावेत, वस्तरा वापरू नये. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात, त्यातून संसर्ग होतो. किती भाग आणि कशाने, हे सर्जनना विचारून घेतलं तर पेशंट विनाकारण उघडा पडत नाही.

ट्रॉलीवरून नेताना

एक्स-रेला किंवा सोनोग्राफीला नेताना लिफ्टच्या रांगेत अख्खं गाव उभं असतं. निघण्याआधी गाऊनच्या मागच्या नाड्या बांधा, खांद्यापासून पायापर्यंत चादर घ्या, तिच्या कडा गादीखाली खोचा. लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवायची नाही. मूत्राशयाच्या वर गेली की लघवी उलटी फिरू शकते, आणि भरलेली पिशवी छातीशी घेऊन कॉरिडॉरमधून जाणं कुणाला आवडेल? आधी रिकामी करा, ट्रॉलीच्या खालच्या दांडीला अडकवा, वरून चादरीची कड सोडा. नातेवाइकाच्या हातात धरायला द्यायची नाही.

जे कानावर पडू नये

कॉटजवळ ओव्हर देण्याची (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगण्याची) पद्धत चांगली आहे, पेशंटला आपल्याबद्दल काय चाललंय ते कळतं. पण सगळं तिथे बोलायचं नसतं. ताप, नाडी, सलाईन, ड्रेन, दुखणं हे कॉटपाशी. एचआयव्ही, गर्भपात, विष घेतल्याची केस, मानसिक आजार, पैसे न भरल्याचा विषय हे ड्यूटीरूममध्ये, केसपेपर उघडून.

एचआयव्हीबाबत तर कायदाच आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाचं एचआयव्हीचं निदान उघड करणं आणि त्यावरून भेदभाव करणं यांना त्यात मनाई आहे. त्यामुळे कॉटवर लाल खूण, केसपेपरच्या दर्शनी पानावर मोठ्या अक्षरात लिहिणं, एकट्याच त्या पेशंटसाठी दोन-दोन हातमोजे हे सगळं बंद. रक्ताशी संबंध येतो तिथे हातमोजे सगळ्यांसाठीच असतात.

लग्न न झालेल्या मुलीची पाळी कधी आली, हे आई किंवा आत्या शेजारी असताना विचारलं तर खरं उत्तर मिळेल का? ‘बीपी बघायला आत नेते’ म्हणून बाजूला घ्या. फोनवर ‘मी त्यांचा भाचा बोलतोय’ म्हणणाऱ्याला रिपोर्ट सांगू नका. आणि मोबाइल! जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा झाला, तर पेशंटला विचारून, चेहरा न घेता, आणि काम झालं की खोडून टाकायचा. वॉर्डात रील काढताना मागच्या कॉटवर कोण दिसतंय, याचा विचार करण्यापेक्षा रील काढूच नका.

लेबर रूम

इथे जास्त लिहायला नको, सगळ्यांना ठाऊक आहे. कळा देणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ म्हणणं, मांडीवर चापट मारणं, ही परंपरा नव्हे, गुन्हेगारी आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात दोन टेबलांमध्ये पडदा आणि सन्मानाने बाळंतपण या गोष्टी आहेत. सोबतीला एक बाई असू द्यावी, असं सरकारी धोरणही आहे. सोबत असली की आरडाओरडाही कमी होतो, तुमचाच फायदा.

बांधून ठेवणं आणि बेशुद्ध पेशंट

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) उपसतो म्हणून हात बांधायचे असतील, तर डॉक्टरांचा लेखी आदेश हवा, नातेवाइकांना कारण सांगितलेलं हवं. पट्टी मऊ हवी, दोन बोटं आत जातील इतकी सैल, आणि कॉटच्या चौकटीला बांधलेली, वर-खाली होणाऱ्या कठड्याला नाही. अधूनमधून सोडून हात हलवा, बोटांचा रंग बघा. मनोरुग्णांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सक्तीने डोकं भादरायला मनाई केली आहे आणि स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिला आहे. ‘उवा झाल्या’ हे कारण पुढे केलं जातं. त्यावर औषध असतं.

बेशुद्ध माणसाशी बोलत राहायचं. ‘काका, उजवीकडे वळवतेय.’ त्यांना ऐकू येतं की नाही याची वाट बघायची नाही. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग या आपल्या सहकारी नर्सची १९७३ पासून २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत सेवा केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेचं कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही, हे आपल्या व्यवसायाबद्दल सांगायला पुरेसं आहे.

गेल्यावर

डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला की पडदा आधी. नातेवाइकांसमोर ‘बॉडी’ म्हणू नका, बाबा, आई, काका जे म्हणत होतात तेच म्हणा. हातपाय सरळ करा, डोळे मिटवा, कवळी लवकर बसवा, हनुवटीला आधार द्या, चेहरा पुसा. नळ्या काढून स्वच्छ करा. पण एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी) केस असेल तर एकही नळी काढायची नाही, ती पोस्टमॉर्टेमपर्यंत तशीच राहते. का, ते घरच्यांना समजावून सांगा. तुळशीपत्र, गंगाजल, कलमा, प्रार्थना काही करायचं आहे का ते विचारा आणि त्यांना थोडा वेळ द्या. पुढचा पेशंट कॅज्युअल्टीत थांबलेला असतो हे खरं, तरी दहा मिनिटं निघतात. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने सगळं ऐकलेलं असतं, त्याच्याकडेही नंतर एक चक्कर मारा.

वरचेच चुकत असतील तर

तुम्ही नव्या, आणि पेशंटवर ओरडतायत त्या वीस वर्षांनी सीनियर. तिथल्या तिथे त्यांना सुनावलं तर भांडण होईल आणि पेशंट मधे सापडेल. तुम्ही चादर उचलून पेशंटच्या अंगावर टाका, पडदा ओढा, ‘मी करते सिस्टर, तुम्ही जा’ म्हणा. नंतर एकांतात बोला. वारंवार होत असेल तर इन्चार्ज, मग मेट्रन (मुख्य परिचारिका).

बाकी अडचण माणसांपेक्षा सामानाची जास्त असते. स्क्रीनचं चाक नाही, चादरी कमी, गाऊनला नाड्या नाहीत, बेडपॅनची झाकणं गायब. हे नुसतं एकमेकींना सांगून काही होत नाही. तारीख घालून इंडेंट बुकात (सामान मागवायच्या वहीत) लिहा, वॉर्ड रिपोर्टमध्येही एक ओळ टाका, आणि पुढच्या आठवड्यात आलं नसेल तर आधीच्या नोंदीची तारीख देऊन पुन्हा लिहा. गाऊनच्या नाड्या मात्र स्टोअरची वाट न बघता दुपारी मावशींकडून शिवून घ्या, जुन्या ड्रॉशीटच्या (कॉटवर आडव्या घालायच्या चादरीच्या) पट्ट्या चालतात.